ऑनलाईन विक्री : आधी गिऱ्हाईक ओळखा



घरच्या गुऱ्हाळाचा गूळ, काकवी किंवा गुळाची पावडर मोबाईलवरून विकावी, असे आता पुष्कळांच्या मनात येते. फोटो काढला, दहा-वीस ग्रुपवर टाकला, वाहवा झाली. पण मागणी आली चार किलोची. मग आपण म्हणतो, "माल चांगला हाय, तरी खपंना कसा?" माल चांगला असतोच. तो कोणासाठी आहे, हे आपण ठरवलेले नसते.

प्रथम एक खुलासा. कारखान्याकडे नोंदवलेला ऊस कारखान्यालाच घालायचा आहे. हा धडा नोंदीबाहेरच्या उसापुरता.

जासईचे उदाहरण

उरण तालुक्यातील जासई हे गाव घेऊ. न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर या भागातूनच जातात. नवी मुंबईसाठी व बंदरासाठी येथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी 16 व 17 जानेवारी 1984 रोजी झालेल्या लढ्यात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील जासईचेच. आज शेजारी उलव्याच्या उंच इमारती आहेत आणि 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू जवळच चिर्ले येथे उतरतो. एवढ्याशा टापूत तीन तऱ्हेची गिऱ्हाइके सापडतात.

1) गावातले जुने घर. शेती गेली तरी सणवार गेले नाहीत. गणपतीत मोदकाच्या सारणाला गूळ लागतोच. पण ही माणसे शेतकऱ्याच्याच कुळातली. चव घेतल्याशिवाय, खडा फोडून पाहिल्याशिवाय ती घेणार नाहीत. येथे जाहिरातीपेक्षा वानगी आणि ओळखीच्या माणसाचा शब्द उपयोगी पडतो.

2) इमारतीतले नोकरदार कुटुंब. त्याला दहा किलोची ढेप ठेवायला जागा नाही आणि फोडायला सवड नाही. त्याला अर्ध्या किंवा एक किलोचे पाकीट, नाहीतर पावडर हवी. गूळ कोणत्या गावचा, कधी केलेला, त्यात काय घातले, हे तो विचारतो. खरे ते लिहून कळवावे.

3) गुळाच्या चहाची टपरी, चिक्की किंवा लाडू करणारी गृहिणी. यांना सुंदर पाकिटाशी कर्तव्य नाही. दर आठवड्याला तोच रंग, तीच चव आणि वेळेवर माल पाहिजे. संक्रांतीच्या वड्यांना लागणारा चिक्कीचा गूळही वेगळा. साधा गूळ त्या नावाने पाठवला तर गिऱ्हाईक कायमचे तुटते.

म्हणजे गूळ एक, पण पाकीट, भाव, भाषा आणि वेळ तिघांसाठी निराळी. आपल्याला यातले कोणते जमेल? पहिल्या वर्षी एकच धरावे.

हंगाम आणि हवा

संक्रांत ऐन हंगामात येते, तेव्हा ताजा गूळ देता येतो. गणपती मात्र भाद्रपदात. तोवर गूळ साठवावा लागतो. खाडीकाठची हवा दमट. उघडा गूळ ओल धरतो आणि पाझरतो. म्हणून तिकडे पाठवायचा माल हवाबंद हवा. हा खर्च भावात आधीच धरावा.

वाहतुकीचे गणित

समजा, गूळ 90 रुपये किलो आणि एका किलोच्या पार्सलला 60 रुपये. गिऱ्हाइकाला तो 150 ला पडला. पण एकाच सोसायटीतून 40 किलोची मागणी गोळा केली आणि वाहतूक 800 रुपये आली, तर किलोमागे 20 रुपयेच चढतात. म्हणून दहा शहरांत विखुरलेल्या शंभर गिऱ्हाइकांपेक्षा एका वस्तीतली चाळीस गिऱ्हाइके बरी.

पिनकोडची वही

आपले गिऱ्हाईक कोठे आहे, हे कोणाला विचारायला नको. प्रत्येक मागणीचा पिनकोड वहीत लिहा. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेल्या या सहा अंकांत पहिले तीन अंक टपालाचा विभाग व जिल्हा दाखवतात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. पुढे तीन रकाने करा : काय घेतले, कोणत्या सणाला घेतले, पुन्हा घेतले का. हंगामअखेर बेरीज करा. जेथून दुसऱ्यांदा मागणी आली, ती आपली बाजारपेठ.

जाहिरात त्यानंतर. मोबाईलवरील जाहिरातीत गाव, वय, भाषा निवडता येते. सारख्याच पैशाच्या दोन छोट्या जाहिराती द्या, एक मोदकाच्या गुळाची व एक पावडरीची. आवडल्याचे अंगठे मोजू नका, मागण्या मोजा.

नियमही पाळा. अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या. पाकीटबंद व लेबल लावलेल्या गुळावर 18 जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी लागू झाला, त्याची चौकशी हिशेबनीसाकडे करा. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे; दुसऱ्या भागातल्या गुळाला ते नाव लावू नये.

हे करून पाहा

अ) आपला गूळ घेणाऱ्या एकाच घराचे वर्णन पाच ओळींत लिहा.
आ) त्या घरी माल पोचेपर्यंतचा किलोमागचा खर्च काढा.
इ) मागील दहा मागण्यांचे पिनकोड मांडा.

तिन्ही उत्तरे हाती आल्यावरच जाहिरातीला पैसा घाला. तो पैसा घामाचा आहे.