ओळखचोरी आणि पतअहवाल

चोरीस गेलेले पाकीट तत्काळ ध्यानात येते. चोरीस गेलेली ओळख मात्र कित्येक महिने कळत नाही. पॅन कार्डाच्या छायाप्रतीवर परस्पर उचललेल्या कर्जाचा पत्ता नागरिकास पुष्कळदा स्वतःचा कर्जअर्ज फेटाळला गेल्यावरच लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी अन्वये या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. परंतु त्याने बिघडलेली पत सावरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. फार थोडे लोक तो मागवतात! त्यात अनोळखी कर्ज आढळल्यास कंपनीकडे व कर्जदात्या संस्थेकडे लेखी हरकत घ्यावी. ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने तीस दिवसांत निवारण न झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई ठरवून दिली.