सुनेचा कागद

सोनाळा, ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा

चि. बाळूस,


फोनवर तू "हो आत्या, बघतो आत्या" म्हणतोस आणि बोलणं तिथंच थांबतं. म्हणून कागद घेतला.

परवा किराणा दुकानात उभी होते. मागून कुणीतरी विचारलं, "बाई, भाचा गोरी बायको आणून राह्यला म्हणे तुमचा? दिवाळीत सोनाजी महाराजांच्या देवळात हार घालते म्हणे." मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि घरी येऊन तुझ्या आईला फोन लावला. तिनं सांगितलं ते त्या बातमीपेक्षा वाईट निघालं. ती जर्मन पोरगी तीस दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर येणार, देवळात लग्न लागणार, आणि पुण्यातला कुणी एजंट म्हणतो की व्हिसाची काळजी करू नका, लग्न झालं की वाढवून मिळतो. खरं आहे का हे? खरं असेल तर मला तुझा राग आला आहे. परजातीची, परधर्माची, परदेशातली म्हणून कुणी तोंड वाकडं केलं तर त्यांच्याशी मी भांडेन. पण त्या लेकराला असल्या कागदावर इथे बोलावणं हे मला पटत नाही.

खामगावच्या वकिलांकडे जाऊन आले. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, नीट वाच. तीस दिवसांचा ई-टुरिस्ट व्हिसा वाढत नाही आणि दुसऱ्या प्रकारात बदलतही नाही. ती हिंदू नाही, त्यामुळे तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्यात बसत नाही. तो १९५५ चा कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो, आणि हिंदू-ख्रिस्ती जोडप्याचं त्या कायद्याखाली लागलेलं लग्न सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निरर्थक ठरवलं आहे. म्हणजे तुम्हाला उरतो तो १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात दोघांच्या सहीची नोटीस विवाह अधिकाऱ्याकडे द्यावी लागते, दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात आधीचे तीस दिवस राहत असला पाहिजे, नोटीस लागल्यावर हरकतीसाठी आणखी तीस दिवस थांबावं लागतं. मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस रद्द, पुन्हा पहिल्यापासून.

आता तूच हिशेब मांड. ती विमानतळावर उतरली आणि त्याच दिवशी नोटीस दिली, तरी हरकतीची मुदत संपायच्या आत तिचा व्हिसा संपतो. देवळातले हार गळ्यात, कायद्यानं लग्न नाही, आणि मुदत संपलेली. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी लोकांसाठी नवा कायदा लागू झाला आहे. मुदतीबाहेर राहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुढचा व्हिसा मिळताना हे सगळं आडवं येतं ते वेगळंच. एजंट त्या वेळी फोन उचलणार नाही.

तू म्हणशील, आत्या उगाच घाबरवते. तुला माहीत नाही, कारण तेव्हा तू लहान होतास आणि मोठ्यांनी घरात तो विषय बंद ठेवला होता. तुझे मामाजी, माझे यजमान, गेले तेव्हा माझ्या हातात लग्नाचा एकही सरकारी कागद नव्हता. तेव्हा लग्न कोण नोंदवायचं? गावजेवण झालं, वऱ्हाड परत गेलं की लग्न झालं. त्यांच्या सेवापुस्तकात पत्नी म्हणून माझं माहेरचं नाव, माझ्या रेशनकार्डावर सासरचं. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या टेबलावर मला विचारलं, "तुम्ही त्याच कशावरून?" बाळू, त्यांच्याबरोबर अख्खा संसार केलेल्या बाईला हे विचारलं. शेवटी ट्रंकेतून लग्नपत्रिका काढली. कोपऱ्याला कुंकवाची पाच बोटं, गणपतीचं चित्र अर्धं वाळवीनं खाल्लेलं, तारीख मात्र शाबूत. ती पत्रिका, सरपंचांचा दाखला, दोन म्हाताऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं, असं करत करत काम झालं. काम झालं, पण तो प्रश्न अजून कानात आहे. आम्ही दोघं पगारदार मास्तर, शेकडो पोरांचे दाखले आमच्या हातून लिहिले गेले, आणि स्वतःच्या लग्नाचा एक कागद करायला जिल्ह्याला एक खेप घातली नाही. तरुण होतो, सुखात होतो, वेळ निघून गेला. मी तर याच मातीतली. मला परत पाठवायला दुसरा देश नव्हता. तिला आहे.

म्हणून पुन्हा तेच लिहिते. तीस दिवसांच्या व्हिसावर बोलावू नको.

तुझ्या आईनं मला गेल ऑम्व्हेटचं उदाहरण दिलं. म्हणाली, गेलताई नाही का अमेरिकेतून आल्या नि कासेगावच्या झाल्या? झाल्या, आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण नीट बघ. मिनियापोलिसची ही मुलगी महात्मा फुल्यांच्या चळवळीवर संशोधन करत महाराष्ट्रात हिंडली, भारत पाटणकरांशी लग्न केलं १९७६ मध्ये, भारतीय नागरिकत्व घेतलं १९८३ मध्ये, आणि २०२१ मध्ये कासेगावातच डोळे मिटले. लग्नाच्या आधीच तिला इथे स्वतःचं काम होतं, स्वतःची माणसं होती. नवऱ्याच्या आधाराशिवायही ती इथली होती. तुझ्या पोरीचं तसं नाही. ती येणार ती फक्त तुझ्यासाठी. पहिली काही वर्षं तिचं इथलं राहणं तुझ्या नावावर टांगलेलं असणार. लग्न नोंदवून सलग दोन वर्षं झाली की तिला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो, आणि पुढे लग्न मोडलं तर ते कार्डही रद्द होऊ शकतं. नागरिकत्व हवं असेल तर सात वर्षांचं वास्तव्य आणि स्वतःच्या देशाचं नागरिकत्व सोडणं. जर्मनीनं २०२४ पासून दोन नागरिकत्वं चालवून घ्यायला सुरुवात केली आहे, आपला देश घेत नाही. एवढा मोठा भार एका माणसाच्या भरवशावर टाकणारी पोरगी आहे ती. तिच्याशी हे सगळं बोललास का? की एजंटाचंच तिलाही सांगितलंस?

मला विचारशील तर रस्ता असा आहे. घाई सोड, दिवाळी चुकली तर चुकू दे. ती श्टुटगार्टची, म्हणजे तिचं काम म्युनिकच्या भारतीय वकिलातीत पडतं. तिथं तिनं स्वतः लेखी विचारावं: मला भारतात माझ्या मित्राशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं आहे, नोटिशीसह एवढा काळ लागेल, कोणता व्हिसा द्याल? येण्याचं कारण खरं लिहायचं. अर्जात खोटं असलं की ते जन्मभर पाठीमागे येतं. त्यांच्याकडच्या नोंदणी कार्यालयातून लग्नाला अडसर नसल्याचं प्रमाणपत्र तिनं आधीच काढून ठेवावं, विवाह अधिकारी ते मागतोच. तू पुण्यात राहतोस, तेव्हा नोटीस पुण्यातच दे, त्यासाठी गावाकडे यायचं कारण नाही. लग्न नोंदवलं, दाखला हातात आला की तिनं एकदा परत जावं आणि तुझी बायको म्हणून एन्ट्री व्हिसा घेऊन यावं. त्या व्हिसाची मुदत एकशे ऐंशी दिवसांहून जास्त असेल तर आल्यावर चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. नोकरीचं मात्र आधी विचारून घ्या, लेखी. तिथं चांगलं काम करणारी बाई, इथं येऊन चार भिंतींत बसली तर तुझं प्रेम किती पुरेल?

आणि सोनाळ्याला आणशील तेव्हा मला आधी कळव. मी ठाण्यात जाऊन विचारून आले. परदेशी माणूस घरी उतरलं तर घरमालकानं चोवीस तासांत ऑनलाइन माहिती भरायची असते, पूर्वी सी फॉर्म म्हणायचे तो. हवालदार म्हणाला, "बाई, हे हॉटेलवाल्यांपुरतं नसते, घरालाही लागू आहे." मला संगणकावर दाखवलंसुद्धा: पासपोर्ट, व्हिसा, कुठून आली, कुठे जाणार. म्हणजे आपल्या वाड्यात ती झोपली की तिचं नाव बुलढाण्याच्या पोलीस अधीक्षकांपर्यंत जाणार. जाऊ दे. जे खरं आहे ते जाणार.

माझ्या दादांना संत्र्याच्या बागेतला एक एकर सुनेच्या नावावर करायचा आहे, असंही तुझी आई म्हणाली. त्यांचं मन मोठं आहे, पण परदेशी नागरिकाला शेतजमीन विकतही घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानंही देता येत नाही. ओसीआय झाल्यावरही नाही. तेवढं तू त्यांना हळूच सांग, मी सांगितलं तर चिडतील.

आता आणखी एक. रागाच्या भरात हे लिहिणार नव्हते, पण मनात आहे. तूच तिकडे गेलास तर? त्यांच्याकडे जोडीदाराच्या व्हिसासाठी जर्मन भाषेची पहिली परीक्षा द्यावी लागते, पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात ती शिकवतात. तिकडे लग्न करायचं तर आपल्या कागदांवरचा शिक्का त्यांना पुरत नाही, त्यांची वकिलात इथे माणूस पाठवून जन्मदाखल्यापासून पडताळणी करते, महिने जातात. तू डेन्मार्कला जाऊन लग्न करायचं बोलत होतास, बरीच जोडपी तसं करतात म्हणे. तेही कर, पण मग सगळे कागद तितकेच चोख हवेत. तू तिकडे राहिलास तर दादा वर्षभर बोलणार नाहीत आणि तुझी आई दर सणाला रडेल. मी रडणार नाही असं म्हणत नाही. पण तिनं सगळं सोडून यावं आणि तू काहीच सोडू नये, हा हिशेब मला आवडत नाही. दोघांनी बसून ठरवा. तुम्ही जे ठरवाल त्याच्या बाजूनं मी घरात बोलेन.

कडक लिहिलं असेल तर सोडून दे. तू पहिल्यांदा तिचा फोटो दाखवलास तेव्हा तुझा चेहरा मी बघितला आहे. शाळेत पहिला आलास तेव्हासुद्धा तो तसा नव्हता. म्हणूनच जीव घाबरतो. मला "तुम्ही त्याच कशावरून" असं विचारलं गेलं तेव्हा मी एकटी होते. तिला कधी कुणी विचारलं तर तिच्या पिशवीत दाखला असावा आणि तू शेजारी उभा असावास, एवढंच माझं म्हणणं.

तिला तिखट किती चालतं ते कळव. रोडगे करीन, वांग्याच्या भाजीचं तिखट तिच्यापुरतं कमी करता येईल. तिचे आईवडील येणार असतील तर मागच्या खोलीला कमोड बसवून घेते, मिस्त्री आला होता, पंधरा दिवसांचं काम आहे म्हणाला. त्यांचेही पासपोर्टचे तपशील पाठव, ते फॉर्म मीच भरीन, आता मला येतं. जोडव्यांसाठी तिच्या बोटाचं माप दोऱ्यानं घेऊन पाठव.

खामगावच्या वकिलांची फी मी देऊन टाकली आहे. त्यावरून फोन करून वाद घालू नको. त्यांचा नंबर तुझ्या आईकडे ठेवला आहे, या रविवारी त्यांच्याशी बोल आणि लगेच मला सांग.

तुझी,
आत्या