अंधारातला मासा

आमच्या पुण्याकडच्या नद्यांत बोटाएवढा एक मासा राहतो. १८७२ साली फ्रान्सिस डे या साहेबाने त्याला शास्त्रातले नाव दिले. त्याला चांगले डोळे आहेत. त्याचाच एक भाऊबंद बस्तरच्या कुटुमसर गुहेत राहतो. तिथे मिट्ट काळोख. त्याचे डोळे अगदी बारीक, रंगही फिका.

असे का झाले? 'डोळे वापरले नाहीत, म्हणून गेले,' असे आपण म्हणू. पण तसे नव्हे. घण मारून लोहाराचा दंड भरतो. त्याचे पोर काही भरल्या दंडाचे जन्मत नाही.

चाकणचा शेतकरी बियाण्याला चांगले कांदे निवडतो. पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली की वाण बदलतो. गुहेत निवड करतो तो अंधार. अधू डोळ्यांचे पिल्लू उजेडात टिकत नाही. अंधारात त्याचे काही अडत नाही. उलट डोळे पोसायला लागणारे अन्न वाचते. असे हजारो वर्षे चालते.

मेक्सिकोतले आंधळे गुहामासे लोक काचेच्या टाकीत पाळतात. उजेडात कित्येक पिढ्या गेल्या, तरी पिल्ले आंधळीच निघतात. बदल बियाण्यातच झालेला असतो.

आपण शिकलो ते मात्र बियाण्यात उतरत नाही. म्हणून पोरांना शाळेत घातलेच पाहिजे.