आधी फळ आटवा, मग चीजला हात लावा

क्रीम चीज आणि फळांचे थर लावलेले बार बिघडले, की घरात पहिलं बोट चीजकडे जातं. पाकीट जुनं असेल, दुकानदारानं फ्रीज बंद ठेवला असेल, आपल्याकडचं चीजच तसलं. चीजमुळे कधी बिघाड होत नाही असं नाही. पण फसलेले जे जे बार मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांना फळानं दगा दिला होता.

पुतण्याच्या मुंजीआधीच्या केळवणाला जावेनं ताज्या अननसाचे बार केले. खाली बिस्किटांचा थर, मध्ये क्रीम चीज आणि फेटलेलं क्रीम, वर बारीक चिरलेला अननस. रात्री टिन फ्रीजमध्ये गेला तेव्हा थर सुरेख बसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला तुकडा काढला, तर अननसाखाली पिवळट पाणी साचलेलं, चीजचा वरचा भाग सैल पडलेला आणि जिभेच्या मागे रेंगाळणारी कडवट चव. सगळ्यांनी चीज नासकं ठरवलं, दुकानदाराला फोनही गेला. मी पाकिटात उरलेलं चीज चाखलं. ते ताजं होतं. बारमधलाही बिस्किटाला लागून असलेला चीजचा भाग चांगला लागत होता. कडू होता तो फक्त अननसाला टेकलेला भाग.

कारण अननसातच आहे. त्यात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनांचे तुकडे करतं. दुधातल्या प्रथिनांचे असे तुकडे झाले की कडवटपणा येतो आणि चीजची घट्ट बांधणी सुटते. पपईत पपेन आहे, किवीत आणि ताज्या अंजिरातही याच जातीची विकरं आहेत. जिलेटिन हेही प्रथिनच, म्हणून ताज्या अननसाच्या रसात घातलेलं जिलेटिन रात्रभर ठेवलं तरी सेट होत नाही. उष्णतेनं मात्र हे विकर निकामी होतं. डबाबंद अननस केकमध्ये आणि पुडिंगमध्ये बिनबोभाट चालतो तो यामुळेच, कारण डब्यात भरताना तो तापवलेला असतो. ताजा घ्यायचा असेल तर साखर घालून, तुकडे आतपर्यंत गरम होतील असा चांगली पाच-सात मिनिटं उकळा आणि पूर्ण गार झाल्यावरच चीजवर घाला. पपई मी या पदार्थात घेतच नाही. शिजवली की तिचं रूपही जातं आणि चवही.

आंबा आणि स्ट्रॉबेरी यांचा त्रास वेगळा. तिथे शत्रू म्हणजे पाणी. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी चिरून तिच्यावर साखर पेरली, की थोड्याच वेळात वाटीच्या तळाशी लाल रस जमतो. तोच रस बारमध्ये सुटला तर चीजमधून झिरपून बिस्किटापर्यंत जातो आणि खालचा थर गाळ होतो. हापूसचा रस दाट दिसतो, त्यामुळे फसगत जास्त होते. तो नुसता ओतला तर सुरी लावताच कडेनं ओघळतो. म्हणून फळ कोणतंही असो, आधी आटवायचं. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, सतत ढवळत. उलथनं फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर उघडा राहिला, की पुरे.

आठ इंची चौकोनी टिनसाठी आटवलेला गर साधारण 400 ग्रॅम लागतो. त्यात दोन सपाट मोठे चमचे कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून घालते आणि बुडबुडे फुटू लागल्यावरही मिनिटभर शिजवते. कॉर्नफ्लोअर कच्चं राहिलं तर पिठूळ लागतं आणि पुढे पाणी सोडतं. लिंबाचा रस गॅस बंद केल्यावर.

पुष्कळजणी चायना ग्रास वापरतात. ते समुद्री शेवाळापासून बनतं, त्यामुळे शाकाहारी माणसांना चालतं, आणि एकदा सेट झालं की मे महिन्यातल्या उकाड्यातही वितळत नाही. पण त्याच्या दोन खोडी सांभाळाव्या लागतात. उकळून विरघळवलेलं चायना ग्रास फ्रीजमधून काढलेल्या गार रसात ओतलं, तर रसात पडता पडताच त्याचे धागे आणि गुठळ्या होतात. मग कितीही ढवळा, गाळा, उपयोग नाही. रस कोमट करूनच दोन्ही एकत्र करायचं आणि लगेच ओतायचं. दुसरी खोड कापताना कळते. चायना ग्रासचा थर गुळगुळीत चीजवर चिकटत नाही, सुरी लावली की अख्खा घसरतो. चीजच्या थरावर काट्यानं हलक्या रेघा ओढून घेतल्या तर थोडी पकड येते. नीट चौकोनी तुकडे हवे असतील तर माझं मत कॉर्नफ्लोअरच्या बाजूनं आहे.

खालच्या थराला 200 ग्रॅम मारी बिस्किटं आणि साधारण 100 ग्रॅम वितळलेलं लोणी. वाटीच्या बुडानं दाबून बसवा आणि ओव्हनमध्ये दहा मिनिटं भाजून घ्या, म्हणजे तो लवकर मऊ पडत नाही.

आता चीज. खरेदी करताना पाकिटावरचं नीट वाचा. चीज स्प्रेड म्हणजे क्रीम चीज नव्हे. ते खारट असतं आणि गोड पदार्थाचा सत्यानाश करतं. घरचा चक्काही पूर्णपणे त्याची जागा घेत नाही. क्रीम चीज ही अमेरिकेतली वस्तू, आणि तिथल्या नियमानुसार त्यात किमान 33 टक्के दुग्धस्निग्धांश लागतो. चक्क्यात तो कितीतरी कमी आणि पाणी जास्त. खर्च आवरायचा तर 400 ग्रॅम क्रीम चीजला 150 ग्रॅम घट्ट चक्का, 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, हे अंड्याविना छान भाजलं जातं. चीज आधी बाहेर काढून मऊ होऊ द्या आणि एकटंच फेटा. गार चीजमध्ये पातळ काही घातलं, तर त्या गुठळ्या शेवटपर्यंत राहतात. ओव्हन 160 अंशांवर ठेवा. अर्ध्या तासानंतर टिन हलवून बघा. कडा बसलेल्या आणि मधला भाग किंचित डुलतोय, अशा वेळी बंद करा. गार होताना तो आपसूक बसतो. पूर्ण घट्ट होईपर्यंत भाजलं तर भेगा पडतात आणि खाताना कोरडं लागतं.

न भाजता करायचे असतील तर क्रीमकडे लक्ष द्या. दुकानात फ्रेश क्रीम म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच खोक्यांत 25 टक्के स्निग्धांश असतो. ते फेटून फुलत नाही. त्यासाठी 35 टक्क्यांच्या आसपासचं व्हिपिंग क्रीम हवं.

फळाचा थर घातल्यावर टिन रात्रभर फ्रीजमध्ये. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची, दर कापाला.

आणि हे बार वाढताना दोन गोष्टी पाळा. ते दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, उन्हाळ्यात तर तासाभरातच परत फ्रीजमध्ये. जिलेटिन घातलं असेल, तर ते प्राण्यांपासून मिळतं हे पाहुण्यांना ताट हाती देण्याआधी सांगा. ते विचारतील याची वाट पाहू नका.