मैदानावरची हरळी कशी टिकवायची?



शाळेच्या किंवा गावच्या मैदानाची देखभाल गटाने घ्यावी का, हा प्रश्न बैठकीत निघतो. घ्यावी, असं माझं मत आहे. पण आधी गवताचं गणित समजून घ्या, कारण पावसाळ्यात सगळीच मैदानं हिरवी दिसतात. खरी परीक्षा फेब्रुवारीनंतर. माती उघडी पडली की धूळ उडते, पोरी पडल्या की गुडघे सोलतात, अन् ग्रामपंचायत विचारते, "गवत कुठाय? बिल कशाचं काढू?"

गवत कोणतं? हरळी. हो, तीच, जी खुरपून खुरपून आपली कंबर मोडते. गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो तीही हीच. क्रिकेटच्या मोठ्या मैदानांवर बर्म्युडा ग्रास म्हणून लावतात, तेही हिच्याच कुळातलं. जमिनीवर पळणारी आणि मातीखालून जाणारी अशी दोन्ही प्रकारची खोडं तिला असतात आणि पेऱ्यापेऱ्यातून ती फुटते. शेतात हाच गुण डोक्याला ताप, मैदानावर हाच कामाचा. खेळून वरचा पाला गेला तरी ती खालून परत येते. तेव्हा लॉनच्या तयार गाद्यांवर पैसे घालवू नका, बी बांधावर फुकट आहे. फक्त झाडाच्या दाट सावलीत ती धरत नाही, तिथे हट्ट करू नका. आणि मैदानाला लागून कुणाचं शेत असेल तर मध्ये हातभर खोल चर काढून तो साफ ठेवा, नाहीतर भांडण ठरलेलं.

लागवड जून-जुलैत, चांगला पाऊस झाल्यावर. आधी दगडगोटे वेचा, खड्डे भरा आणि पाणी एका बाजूला निघून जाईल एवढा हलका उतार ठेवा. हरळीच्या दोन-तीन पेऱ्यांच्या काड्या करून ओल्या गोणपाटात ठेवा आणि वीतभर अंतरावर लावा. निम्मी काडी मातीत, निम्मी वर. पावसाने साथ दिली तर दिवाळीपर्यंत बरीच जमीन झाकते. पण तोवर त्यावर खेळ नको, आणि मध्येच येतो 15 ऑगस्ट! म्हणून पूर्ण मैदान एकदम घेऊ नका. यंदा अर्धं, पुढच्या वर्षी अर्धं. मुलांना खेळायला जागा राहते, झेंडावंदनही अडत नाही. कबड्डी आणि खो-खोची जागा मातीचीच राहू द्या, तिथे गवताचं काम नाही.

कापणीत बहुतेकांची गडबड होते. "एकदाच बारीक कापून टाकू, महिनाभर बघायला नको," असं म्हणून मुळापर्यंत कापतात. हरळी आपलं अन्न पानात तयार करते. पानच ठेवलं नाही तर मूळ कशावर पोसणार? एका वेळी उंचीचा तिसरा हिस्साच काढायचा. तीन इंच झाली की दोन इंचांवर आणायची. भर पावसाळ्यात हे आठ-दहा दिवसांनी करावं लागतं, थंडीत क्वचितच. विळ्याने एवढं मोठं मैदान सारखं कापलं जात नाही, ब्रश कटर भाड्याने घ्या. चालवणारीला चष्मा आणि बूट हवेतच, खडा उडून डोळ्यात जातो. बारीक कातरण तिथेच पडू द्या, त्याचं खत होतं. लांब निघालेलं गवत गुरांना चालतं, पण तणनाशक मारलेलं असेल तर मुळीच नाही. जनावरं मात्र ओल्या मैदानावर सोडू नका, एकेका खुराचा खड्डा होतो. गाजर गवत फुलायच्या आधी उपटा, हातमोजे घालून.

खताचं म्हणाल तर पावसाळ्यात दोनदा, गुंठ्याला अर्धा किलो युरिया, जमीन ओली आणि पानं कोरडी असताना. सोबत चाळलेलं शेणखत पातळ पसरा. जास्त युरिया म्हणजे जास्त कापणी, बाकी काही नाही.

आता पाण्याचं. गुंठ्यावर एक इंच पाणी द्यायचं तर अडीच हजार लिटर लागतं. एकराला एक लाख लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे 20 टँकर, तेही एका आठवड्याला! ज्या गावात एप्रिलमध्ये हंड्यांची रांग लागते तिथे हे पाणी मागायचं तोंड कुणाला आहे? मागूही नये. हरळी उन्हाळ्यात पिवळी पडते, मरत नाही. मूळ जिवंत राहतं आणि पावसाने पुन्हा फुटतं. तिला मारते ती पायाखाली दगड झालेली माती. गोलच्या तोंडाशी, जिथून पोरं रोज ये-जा करतात त्या वाटेवर, आधी टक्कल पडतं ते यामुळेच. पाऊस पडून गेल्यावर छत्रीची काडी मातीत घालून बघा. चार इंच जात नसेल तर मूळ तरी कसं जाईल? वापसा आला की पहारीने वीत-वीत अंतरावर चार-पाच इंच खोल भोकं पाडा, त्यात वाळू आणि शेणखत झाडूने लोटा. चिखलात हे करू नका, काळी माती आणखी घट्ट होते. उन्हाळ्यात भेगा पडल्या तर बारीक मातीने भरा, पाय मुरगळतात.

आणि मैदानाला विसावा द्या. गोलच्या खांबांची जागा दर दोन-तीन महिन्यांनी थोडी सरकवा. जोराचा पाऊस झाल्यावर एक दिवस खेळ बंद. हे सरांना आणि पोरांना आधीच पटवून ठेवा, नंतर हाकलत बसावं लागतं.

करार तोंडी नको. किती गुंठे, कोणते महिने, मशीनचं पेट्रोल कुणाचं, कापलेलं गवत कुणाचं आणि उन्हाळ्यात हरळी पिवळी दिसली तरी बिल थांबणार नाही, हे सगळं लिहून घ्या. लग्नाचा मांडव किंवा सभेच्या गाड्या मैदानावर आल्या तर दुरुस्तीचा खर्च कोण देणार, हेही त्यातच घाला. सही करण्याआधी ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांना घेऊन मैदानाला एक फेरी मारा, टकलाच्या जागांचे फोटो काढा आणि तारखेसह गटाच्या वहीत लावून ठेवा.