सेल्फ उतरवण्याआधी अर्थ पाहा



या पानावर एरवी बेणे, खते आणि पाणी यांविषयी लिहिले जाते. यावेळी विषय निराळा आहे, पण उसापासून फार लांबचा नाही. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, हे आपण जाणताच. उशीर झाला की वजन घटते आणि साखरेचे विघटन होऊन उताराही खाली येतो. तेव्हा भरलेला ट्रक फडात अडकला, तर तो प्रश्न एकट्या ड्रायव्हरचा राहत नाही.

गेल्या हंगामातली गोष्ट. एका सभासदांचा वडिलांच्या वेळचा ट्रक दिवस मावळता भरून तयार झाला. किल्ली फिरवली, तर 'टक्' असा एकच आवाज, पुढे काही नाही. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, सेल्फ गेला." सकाळी मेकॅनिक आला. त्याने सेल्फ उतरवला, नवे कार्बन ब्रश टाकले, परत बसवला. पुन्हा तेच 'टक्'! दुपारी दुसऱ्या एका ट्रकवाल्याने आपल्या बॅटरीवरून तारा जोडून दिल्या. काळ्या तारेचा चिमटा त्याने बॅटरीला न लावता इंजिनच्या अंगाला लावला, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

दोष सेल्फमध्ये नव्हताच. इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी अर्थची विणलेली पट्टी चिखलाने व गंजाने खाल्ली होती. घासून घट्ट केली, काम झाले. तोवर ऊस रात्रभर गाडीतच सुकला, टोळीचा अर्धा दिवस बुडाला आणि ब्रशचा खर्च फुकट गेला.

असे का होते?

ट्रकचा सेल्फ इंजिन फिरवताना काही शे अँपिअर वीज ओढतो. समजा, ४०० अँपिअर जायची आहे आणि गंजलेल्या सांध्यात फक्त ०.०१ ओहम अडथळा आहे. गुणाकार करा : ४ व्होल्ट तिथेच जिरले. १२ पैकी ८ उरले, त्यात सेल्फ फिरत नाही. दिव्यांना लागतात थोडे अँपिअर, शिवाय त्यांची वीज इंजिनच्या पट्टीतून जातच नाही. म्हणून दिवे लख्ख लागले तरी सेल्फचा मार्ग साफ आहे असे समजू नये. विहिरीत पाणी आहे, पण फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, तर मोटर बदलून काय उपयोग?

१९५४ च्या करारानंतर जमशेदपूरला तयार झालेला टाटा-मर्सिडीज असो की नंतरचा एखादा ट्रक, हे तत्त्व सगळीकडे एकच.

आवाजावरून निदान

१) काहीच आवाज नाही : बॅटरी, तिची टोके आणि किल्लीपासूनची बारीक तार पाहावी.

२) 'टक-टक-टक' : बहुधा बॅटरी उतरलेली किंवा टोके सैल.

३) एकच 'टक्' : आधी जाड तारा व अर्थ, मग सोलेनॉइडचे जळलेले संपर्क व झिजलेले ब्रश.

४) सेल्फ मोकळा घुरघुरतो, इंजिन फिरत नाही : बेंडिक्स घसरतो किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात झिजले. सहा सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक तीन जागीच थांबते, म्हणून दातही तिथेच झिजतात.

५) इंजिन सावकाश फिरते, पण पेट घेत नाही : नोझल-पंपाला दोष देण्याची घाई नको. डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. फेरा मंद असेल तर ती उष्णता तयारच होत नाही.

तपासणीचा क्रम

साधा व्होल्टमीटर पुरतो. आकडे १२ व्होल्टचे आहेत. २४ व्होल्टच्या गाडीत बॅटरीचे आकडे दुप्पट धरावेत.

पहिले, बॅटरी. गाडी काही तास उभी असताना सुमारे १२.६ व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला, तर आधी बॅटरी चार्ज करून तपासावी.

दुसरे, अर्थ. मीटरची एक तार बॅटरीच्या अर्थ टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर दोष अर्थमध्ये.

तिसरे, बॅटरीचे दुसरे टोक आणि सेल्फचा मोठा बोल्ट यांच्यात हेच मोजावे.

तिन्ही ठीक असतील, तरच सेल्फ उतरवावा. मीटर नसेल, तर सेल्फ मारून झाल्यावर सांध्यांना बेताने हात लावून पाहावा. जो सांधा तापला, तिथेच वीज जिरते. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये. मध्ये मिनिटभर दम द्यावा.

जिवाशी खेळ नको

गाडीखाली झोपून स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडची टोके जोडण्याची वाईट सवय पुष्कळांना आहे. गिअर पडलेला असेल, तर भरलेला ट्रक त्याच माणसाच्या अंगावर जातो. शिवाय फडात खाली वाळलेले पाचट असते. एक ठिणगी पडली तर ऊस आणि गाडी दोन्ही जातील. तपासणीआधी गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाला दगड हवाच. बॅटरीजवळ विडी-काडी नको. तार सोडवताना अर्थची आधी सोडवावी, जोडताना शेवटी जोडावी. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक चॅसीला असते. तेव्हा रंगावर न जाता चॅसीला कोणते टोक गेले आहे ते डोळ्यांनी पाहावे.

बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी एक सकाळ काढा. अर्थच्या सर्व पट्ट्या सोडवून पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. एक जादा पट्टी टूलबॉक्समध्ये ठेवा. एवढे केले, तर भरलेली गाडी रात्री फडात अडकण्याचे एक मोठे कारण टळेल.

— ऊस विकास अधिकारी