घरच्या धंद्याला दिवसातला एक वाटा

आजचा पाठ जाळ्याचा नाही, इंजिनाचाही नाही. वेळेचा आहे.

सोसायटीत चार माणसं बसली की एक वाक्य हमखास कानावर येतं, "घरचं काहीतरी सुरू करायचंय हो, पण वेळच मिळत नाही." कुणाला सुके बांगडे आणि सुकी सुंगटं पाकिटात घालून विकायची आहेत, कुणाला सुंगटाचं लोणचं करायचं आहे, कुणाला दुसऱ्याच्या ट्रॉलरवरची खलाशाची नोकरी सोडून स्वतःची होडी घ्यायची आहे. पण सकाळी हॉटेलची ऑर्डर, दुपारी शॅकवाल्याचा फोन, संध्याकाळी डॉल्फिन बघायला आलेले पर्यटक. दुसऱ्याचं काम करता करता दिवस मावळतो. त्या कामाला आम्ही नावं ठेवत नाही. चूल त्यावरच पेटते. प्रश्न एवढाच की सगळा दिवस त्यालाच का द्यायचा?

रापणीचा हिशेब आठवा

रापण ओढून झाली की वाटे कसे पडतात ते आपल्या पोरांनाही ठाऊक आहे. ओढणाऱ्या माणसांना वाटा असतोच, पण होडीलाही असतो, जाळ्यालाही असतो. जाळं काही खात नाही. तरी त्याचा वाटा आधी बाजूला निघतो, कारण उद्या ते फाटलं तर सगळेच बसतील. "सगळ्यांचं वाटून उरलं तर जाळ्याला देऊ" असं आपले वाडवडील कधी म्हणाले नाहीत.

घरचा धंदा म्हणजे उद्याचं जाळं. त्याला वेळेचा वाटा आधी काढायचा. उरलेल्या वेळेवर धंदा उभा राहत नाही, कारण वेळ उरतच नाही.

डिचोलीकडे बघा

एकाच गिऱ्हाइकावर सगळं घर टाकलं तर काय होतं, ते बघायला लांब जायला नको. डिचोली-साखळी भागात कितीतरी घरांनी कर्ज काढून ट्रक घेतले. खनिज वाहायचं, मांडवीच्या धक्क्यावर टाकायचं, तिथून बार्ज मुरगावला. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. नंतर खाणी सुरू झाल्या, पण १६ मार्च २०१८ ला पुन्हा बंद पडल्या. ट्रक दारात, हप्ता मात्र चालू. ती माणसं आळशी नव्हती, रात्रंदिवस राबत होती. फक्त प्रत्येक खेप एकाच धन्यासाठी होती.

आता आपल्या पेडण्यात मोपाचा विमानतळ आला. ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडतात. हॉटेलं वाढताहेत, मासळीला मागणी आहे, पोरांना काम आहे. चांगलंच आहे. पण मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा किनाऱ्यावरचे शॅक कसे ओस पडले, तेही आपण पाहिलंय.

कामाचे तीन ढीग करा

वेळ काढायचा म्हणजे झोप कमी करायची, असं नाही. आधी घरच्या धंद्याची कामं तीन ढिगांत लावा.

१. उन्हाची कामं. मासळी साफ करणं, मीठ लावणं, सुकवणं. ही पावसात होत नाहीत. जानेवारी ते मे हाच त्यांचा काळ.

२. पाण्याची कामं. स्वतःच्या होडीने, स्वतःच्या जाळ्याने जायचं ते. इथे घड्याळ नाही, भरती-ओहोटी धनी.

३. बसून करायची कामं. हिशेब, परवाना, पाकिटं, लेबलं, जाळी विणणं, बँकेत जाणं.

बहुतेकांची चूक इथेच होते. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी लागली की म्हणतात, आता वेळ आहे, आता सुकी मासळी करू. पण तेव्हा ऊन नाही, ताजी मासळी थोडी, आणि पुरुमेताची खरेदी मे महिन्यातच संपलेली. उलट मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात कुणी परवान्याच्या फॉर्मसाठी खेपा घालत असतो. ढीग उलटे पडले की मेहनत तेवढीच होते आणि हाती काही लागत नाही.

म्हणून तिसरा ढीग सगळा बंदीत. एफएसएसएआयची साधी नोंदणी लहान उलाढालीला चालते, आणि पाकिटावर छापायला १४ आकडी नंबर मिळतो. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड मिळतं. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिलांना व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदतीची तरतूद झाली. सध्या कशाला अर्ज घेतात ते मत्स्योद्योग खात्यात विचारून घ्या. हे विचारायला जून-जुलैसारखे दिवस नाहीत.

गिऱ्हाईक घड्याळावर, दर्या चंद्रावर

भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. हॉटेलवाल्याला मात्र रोज नऊलाच मासळी हवी. दोन्ही सांभाळताना आपली ओढाताण होते. त्यावर उपाय म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग आधीच दिसतो. नदीत तिसऱ्या काढायच्या तर उधाणाची मोठी ओहोटी हवी. त्या दिवसांवर आधीच फुली मारा आणि गिऱ्हाइकाला चार दिवस आधी सांगा, "ह्या दोन दिवशी माल सकाळी नाही, दुपारी." आधी सांगितलं तर बहुतेक गिऱ्हाईक ऐकून घेतं. ऐन वेळी सांगितलं तर चिडतं.

दुसरं, ऑर्डरची वेळ बांधा. रात्री आठपर्यंत सांगाल ते सकाळी एकाच खेपेत मिळेल. दोन किलोसाठी तिसरी खेप नको. समजा रोजचे दोन तास वाचले, तर सहा दिवसांत १२ तास होतात. तोच घरच्या धंद्याचा वाटा.

आणि नाताळ ते नवीन वर्ष हे दोन आठवडे घरचा वाटा खुशाल शून्य ठेवा. पैसे कमवा. पण जानेवारीत परत सुरू व्हायची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

उरलेली मासळी सुकवू नका

हे आम्ही चुकून शिकलो. एकदा हॉटेलची ऑर्डर पुरी करण्याच्या नादात घरचे बांगडे दुपारपर्यंत बर्फाविना पडून राहिले. "चला, सुकवून टाकू" म्हटलं. शेवटी सगळे टाकावे लागले. बांगडा, तारली, कुपा उष्णतेत राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते मिठाने जात नाही, उन्हाने जात नाही, शिजवूनही जात नाही. खाणाऱ्याचं अंग लाल होतं, डोकं दुखतं, उलट्या होतात. अशा एका पाकिटाने वर्षभराचं नाव जातं.

म्हणून सुकवायची मासळी होडीवरच वेगळी काढा, सगळ्यात ताजी, बर्फात. वाळूवर न पसरता जमिनीपासून वर उचललेल्या जाळीवर सुकवा, वरून दुसरी जाळी झाका. जसा वेळ, तशीच मासळी. आधी वाटा काढा, मग विका.

वहिनीचे तासही मोजा

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. "घरचा धंदा" म्हटलं की पुष्कळदा त्याचा अर्थ घरच्या बाईची झोप असा होतो. पहाटे बाजार, दुपारी रांधप, आणि त्यावर सुकवणं. पुरुष म्हणतो, आमचा धंदा छान चाललाय. वहीत दोघांचे तास वेगवेगळे लिहा. तिचे जास्त भरले तर मीठ लावायचं आणि पसरायचं काम होडीवरून आलेल्यांनी उचलावं. पैशातही तिच्या तासांचा वाटा तिच्याच खात्यात जाऊ द्या.

ह्या आठवड्याचा अभ्यास

सात दिवस एका वहीत फक्त एवढंच लिहा: कुठलं काम, कुणासाठी, किती तास, पैसे कधी मिळाले. सातव्या दिवशी दोघांनी बसून वाचा. ज्या कामाला सगळ्यात जास्त तास गेले आणि ज्याचे पैसे सगळ्यात उशिरा आले, त्यातले दोन तास कापा. ते घरच्या धंद्याच्या नावाने कॅलेंडरवर लिहा आणि कुणाचाही फोन आला तरी हलवू नका.

सुरुवातीला वाटा लहानच असेल. जाळ्याचाही पहिल्या दिवशी कुठे मोठा असतो?